पगार

उम्म अल कुवैन. खाडीकाठी पत्र्याची शेड.
उन्हाळ्यात साडेबारा ते तीन बाहेर काम करायचं नाही, कायदा आहे,
म्हणून आम्ही आत बसतो, मी आणि तोफज्जल,
पंख्याखाली
एका मेलेल्या जेट-स्कीचं पोट उघडून.

हॉटेलवाल्यांनी फुकट दिली. कुणा पाहुण्यानं खडकावर घातली होती.
डोकं फुटलेलं, काळीज शाबूत:
दोन सिलिंडर, साडेसहाशे सीसी,
आणि मागं नळीत लपलेला तो तीन पात्यांचा पंप,
जो पाणी गिळतो आणि थुंकतो
आणि त्या थुंकण्यावर पळतो.

शेजारी होडी उपडी. ॲल्युमिनियमची, बारा फुटी,
परातीसारखी सपाट. पाठाण नाही, ऐट नाही.
आमच्या जयगडाकडं एवढ्याशा होडीला पगार म्हणतात.
ऐकून तोफज्जल खोकेपर्यंत हसला.
"तुमच्याकडं पगार तरंगतो?"
"तरंगतो. गळतोही."

होडी अबू शाहीनची. म्हाताऱ्याला मुलगा
नवी स्पीडबोट घेऊन देत होता. नको म्हणाला.
पहिल्या दिवशी शेडमध्ये येऊन
त्यानं आडवा तळहात धरला जमिनीपासून वीतभर:
पाणी एवढंच, आणि त्याचे गरगूर तिवरांच्या आत,
जिथं सुकतीला बगळेसुद्धा चालत जातात.
तिथं पंख्याचं इंजिन चिखल घुसळतं फक्त.

धडक्या होडीच्या तळाला भोक पाडायचं
आणि आडनाव तांडेल.
आज्यानं जन्मभर काथ्या कोंबून, चंद्रूस लावून
भोकं बुजवली.
मी खडूनं आखलं, ग्राइंडर लावला.
डोळे मिटले नाहीत, एवढंच.

मग शाफ्टची रेघ. केसभर चुकली
तर कपलरच्या रबराचा तासाभरात भुगा.
तीन दिवस इंजिनाखाली पत्र्याचे कपटे सरकवत होतो
तेव्हा सुगंधाचा फोन:
गणपतीला नाही, मग शिमग्याला तरी?
बघू, म्हटलं. दातांत पाना होता.

पाण्यात सोडली तर नुसती बोंबलली,
जागची हलेना.
कुठंतरी तांदळाएवढी फट, पंप हवा चावत होता.
ती सापडली तोफज्जलच्या करंगळीला.
त्याची करंगळी अर्धीच आहे, चितगावच्या
जहाजतोडणीत गेली उरलेली.

चौथ्या दिवशी म्हाताऱ्याला शिकवलं,
मोडक्या अरबीत, जास्त हातांनी:
बाबा, याला ब्रेक नाही. सुकाणूही नाही.
फवारा वळतो म्हणून होडी वळते.
समोर काही आलं, छाती धडधडली,
तर अंगठा सोडू नका.
सोडलात की ती तुमची नाही, नाकासमोर जाते.
वळायचं असेल तर जोर द्यायचा.
त्यानं मान हलवली. तय्यब, तय्यब.

पहिल्याच वळणावर घाबरला
आणि सोडला.

गेलो सरळ तिवरांत.
मुळांची टोकं तळाला खरखरली, एक बगळा
नाखुशीनं उठला, आणि मग कुठं काही आवाज नाही.
मी कान लावून बसलो, कुठं फाटलं का.
अबू शाहीननं वाकून एक पान तोडलं,
जिभेला लावलं.
माझ्यापुढंही धरलं.
मीठ.
हे मी सात वर्षांचा असताना करत होतो,
हे सांगण्याइतकी अरबी मला येत नाही.

खाली उतरलो. गुडघाभर चिखल,
वास तोच.
जाळीत हात घालून शेवाळ ओढलं मूठ मूठ,
नाळेला धरून तोंड फिरवलं.
त्यानं बटण दाबलं, अंगठा ठेवला.
वळण यायच्या आधीच जोर दिलेला,
पांढरी मिशी, मान ताठ.
माझ्या हातून पगार सुटला
आणि तिवरांमध्ये शिरला, छान वळून.
मी तिथंच उभा. परत यायला
त्याला किती वेळ लागेल
ते विचारायचं राहिलं होतं.