उचकी

दर थोड्या वेळाने गाडी हवेत थांबते.
वळणावर, दोन चाकं वर,
मागच्याने उडवलेल्या धुळीचा कण न् कण मोजता येईल अशी,
आणि मग एकदम पुढच्या खांबात.

रात्रीचे साडेअकरा, कन्हैयानगर, जालना.
आई दारातून बघते.
"उचकी लागली की रे त्याला.
कोण आठवण काढायलंय बघ. एकेक नाव घे,
खरं नाव आलं की थांबती."

मी नावं घेत गेलो.

पहिलं भट्टीचं. आमच्या गावात दुसरं कुणाचं घेणार?
बल्ब मिणमिणला तरी भट्टी, दूध नासलं तरी भट्टी.
सव्वादोन हजारांचा स्टॅबिलायझर आणला.
त्याची सुई दोनशे तीसवर निवांत,
आणि गाडी हवेत.

मग धुळीचं. पत्रा काढला,
पंख्यांवर करडी साय.
डबा उचलून टायरवाल्या गुलाबसिंगकडे नेला.
जन्मभर ट्रकच्या चाकांत हवा भरलेल्या त्या माणसाने
नळीचं तोंड बोटाने दाबून
डोळ्यातला कण काढावा तशी फुंकर घातली,
पैसे घेतले नाहीत.
घरी आलो. गाडी हवेत.

ड्रायव्हर नवा टाकला. मग जुना. मग त्याहून जुना.
रॅमच्या पट्ट्यांचे पिवळे दात खोडरबराने घासले.
प्रोसेसरवर हरभऱ्याच्या डाळीएवढी पेस्ट.
परभणीहून वैजनाथ कानात: व्ही-सिंक बंद कर.
आता चालू कर.
जाऊ दे, विंडोजच नवी टाक.
तेवढं नको म्हणालो.
सगळं पुसून बरं होणं
म्हणजे काही सापडणं नव्हे.

दिवसा मी एमआयडीसीत धर्मकाट्यावर असतो.
भंगाराचा ट्रक चढतो, आकडा थरथरतो,
ड्रायव्हर खिडकीतून हात हलवतो, फाडा ना पावती.
मी म्हणतो, ठरू द्या.
हे मला पगारासाठी येतं,
घरी कसं सुचलं नाही कोण जाणे.

त्या रात्री काहीच बदललं नाही.
पावतीबुकाच्या पाठीवर वेळ लिहीत बसलो.
अकरा बारा पाच. अकरा बारा पंचेचाळीस.
अकरा तेरा पंचवीस.
चाळीस. चाळीस.
भट्टीला घड्याळ नसतं, धुळीलाही नसतं.
हे कुणीतरी मोजून करतंय.

खेळ बंद केला, चालू कामांची यादी उघडी ठेवली.
चाळिसाव्या सेकंदाला तळातून एक ओळ
माशासारखी वर आली आणि बुडाली.
बॅकअप. जिलानी मूळ फोटो, ही डिस्क शोधत आहे.
सापडली नाही. पुन्हा प्रयत्न.

मशीन मंठ्याच्या जिलानी फोटोवाल्यांचं,
अठ्ठावीस हजारांत, की-बोर्डसकट,
त्यावरची कंट्रोल आणि झेड झिजून कोरी.
सकाळी फोन लावला.
"ती डिस्क तर कपाटात आहे, भाऊ," ते म्हणाले.
"अजून शोधायलंय?
चाळीस सेकंद मीच ठेवले होते.
एकदा लाईट गेली अन् एका नवरीची अख्खी हळद गेली.
तिचा बाप दुकानात येऊन नुसता बसून राहिला होता."
मग कुणाला तरी आतून चहा सांगितला,
आणि मला म्हणाले, "टाका बंद करून."

बंद केलं. काढून नाही टाकलं, बंद केलं.
आलेखाची रेघ कालव्याच्या पाण्यासारखी सपाट.
"थांबली," मी आईला सांगितलं.
"कुणाचं नाव निघालं?"
"मंठ्याचे जिलानी."
"आपले कोण ते?"
"कुणी नाही."
"मग त्याची उचकी आपल्याला कशी लागली?" म्हणत ती झोपायला गेली.

वैजनाथला बोलावलं. पहिली फेरी, दुसरी फेरी,
गाडी लोण्यातून सुरी.
तिसऱ्या फेरीत तेच वळण, तोच खांब,
धाड.
"पुन्हा अडकलं का रे?"
"नाही," म्हटलं, "हा मीच होतो."