शून्य पॉइंट तीन

कुडचड्याच्या गॅरेजात आता टिपर येत नाहीत.
मिंगेलबाबचा कंप्रेसर मी घरी आणला,
अठरा पीएसआयवर आवळला,
शून्य पॉइंट तीनच्या नोझलला जुंपला:
नेढ्याला बैल.

सैनिक अंगठ्याच्या पेराएवढा.
आधी काळा, सगळीकडून.
मग पांढरा, फक्त वरून, भर दुपारच्या उन्हासारखा,
खांद्यांवर, शिरस्त्राणावर, नाकाच्या शेंड्यावर.
काखेत, ढालीखाली
रात्र तशीच राहू द्यायची.

रंग दुधाइतका पातळ.
आधी हवा, मग रंग;
थांबताना आधी रंग, मग हवा.
उलटं झालं की कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटतात
आणि सहा तासांचा माणूस परत थिनरमध्ये.

इथली हवा ओली. नळीच्या बाटलीत
दर अर्ध्या तासाला घोटभर जुवारी साचते.

काल मिंगेलबाब आला.
तीस वर्षं खनिजाचे ट्रक केशरी केलेला माणूस
भिंगाला डोळा लावून खोकला.
"ल्हान आसा रे."
मग न टेकवता बोट नेलं बुटांपाशी:
"हांगा धुल्ल मार. तांबडी."

तांबडी तीनदा चुकली.
एकदा विटेची, एकदा रक्ताची,
एकदा नुसतीच डब्यातली.
चौथ्यांदा त्याने चप्पल काढली,
भेगाळलेली टाच दिव्याखाली धरली.
जुळली.

जाताना दारात म्हणाला, मास्क घाल.
माझा खिळ्याला होता.
त्याच्या गॅरेजात तो खिळाही नव्हता.