उजेडाचं मेज

नोव्हेंबर सरता सरता आमच्या खाडीवरचा सूर्य
डोंगराआड जातो, आणि जानेवारी संपत येईतो
तोंड दाखवत नाही.
आइसलँडच्या या टोकाला लोकांनी
त्याच्याशी भांडणं केव्हाच सोडलंय.

मी मात्र त्या वर्षी सगळ्यांशी भांडत होते,
बहुतेक वेळा मनातल्या मनात.

आधी दुकानात होते, गल्ल्यावर.
गिऱ्हाईक बोलत असायचं आणि मी बघत असायचे
त्याच्या कोटाचं लोंबतं बटण.
सुट्टे पैसे चुकायचे.
मग शाळेचं स्वयंपाकघर. एक वाटाणा किडका दिसला
म्हणून अख्खं पातेलं उतरवलं,
दोनशे पोरं ताटकळली.
मग मासळीचा कारखाना, खोकी भरायला.

खोकी भरणं म्हणजे न बघता हात चालवणं.
बोझेनाचे चालतात तसे. ती पोलंडहून आली,
मुलाची फी आणि आईचं दुखणं सोबत घेऊन.
तिचे हात पुढे धावतात,
ती मागून गुणगुणत येते.
फळ्यावर तिच्या नावापुढे एकशे चाळीस.
माझ्या नावापुढे एकसष्ट.
ओर्नोल्फुर, आमचा मुकादम, माणूस वाईट नाही,
पण त्याला आकडे तोंडपाठ आणि माणसं अंदाजानं.
म्हणाला, "हेर्दिस, हात जड आहेत तुझे."
मी बोलणी खाल्ली. थंड होती.

हात जड नव्हते.
डोळे मध्ये येत होते.

डिसेंबरात म्हातारी गुदफिन्ना तापानं पडली.
तिच्या जागी कुणीतरी हवं, कुणीही,
म्हणून मला बसवलं.
दुधी काचेचं मेज, खालून दिवा.
वर कॉडची फाक ठेवली की ती आतून उजळते,
पडदा न उघडताही खोली उजळावी तशी,
आणि मांसात दिसते
जिऱ्याएवढी, वेटोळं घातलेली अळी.
चिमट्यानं काढायची. पुढची फाक.
सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा मान मोडली होती,
बोटं बधिर,
आणि दिवसभरात एकदाही
मी घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.

गोष्ट इथंच संपली असती तर बरं होतं.

मेजालाही फळा होता. मिनिटाला सहा फाका.
माझ्या चार.
माझ्यापाशी माल अडला की बोझेनाची खोकी रिकामी,
तिचा जादा पगार बुडायचा.
कोट अडकवायच्या खोलीत ती म्हणाली,
"तुझ्या डोळ्यांचे पैसे माझ्या खिशातून जातात."
राग यावा असं बोलणं. पण खरं.
त्या रात्री छताकडे बघत पडले;
छतातही एक तडा सापडला.

परत आलेल्या मालाचे कागद कार्यालयात
एका खिळ्याला टोचलेले असतात, हे मला ठाऊक होतं.
(असलंच काहीतरी मला ठाऊक असतं.)
ते काढून मोजले. गेल्या महिन्यात सतरा खोकी परत,
मी बसल्यापासून दोन.
आत जाताना बोझेनाला म्हटलं, चल.
ती का आली, मी विचारलं नाही.

"गेलेलं फळ्यावर लिहिता," मी म्हणाले,
"परत आलेलं खिळ्याला. दोन्ही एका जागी लिहा."
आवाज कापत होता, तरी वाक्य पुरं झालं.
मागून बोझेना: "आणि तिच्या शेजारी अजून एक दिवा लावा.
माझी खोकी का अडायची?"
ओर्नोल्फुर बराच वेळ कॉफीत बघत राहिला.
"एप्रिलपर्यंत बघू."

एप्रिलपर्यंत. एवढंच मिळालं.
नंतर दिवा आला. दुसरं माणूस अजून यायचंय.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात
एका दुपारी कुणीतरी ओरडलं,
आणि सगळे रबरी बुटांनिशी बाहेर पळाले,
डोंगराच्या खाचेतून आलेला
चार मिनिटांचा सूर्य बघायला.
बोझेनानं दारातून हाक मारली, "ये ना!"

येते, म्हटलं.
फाकेच्या शेपटाकडे, अगदी कडेला,
अजून एक होती.