जमाखर्च, ग्लासगो

डेनिस्टनला छत उंच, भाडं परवडेलसं,
जिन्यात मात्र ओल, आणि चाक नसलेली सायकल.
पार्टिकमधून नदी दिसते म्हणे.
दिसते,
न्हाणीघरात स्टुलावर उभं राहिलं तर.
पोलकशील्ड्सच्या कोपऱ्यावर कोथिंबिरीची जुडी मिळाली;
शर्वाणीचं तिथेच निम्मं ठरलं.

मी वहीत रकाने आखलेले, जमा आणि खर्च:
शाळा, बस, हीटिंग, चोऱ्या.
एजंटबाई सारख्या घड्याळ बघत होत्या.

गोव्हनहिलला, तिसऱ्या मजल्यावर,
रिकाम्या खोलीत आमचे चिरंजीव शिंकले
आणि भिंतीपलीकडून एक म्हातारा आवाज
खणखणीत म्हणाला, "ब्लेस यू!"

"भिंत पातळ आहे," शर्वाणी पुटपुटली.

लिहायला वही उघडली.
पेन अजून
मधल्या रेघेवरच टेकलेलं.