उद्देश

ट्रस्टच्या फॉर्मवर उद्देश लिहायला
दीडच ओळ जागा होती.
सगळे म्हणाले, तू लिही, तुझं अक्षर चांगलं.

अक्षर चांगलं म्हणूनच तर
आठवीपासून मॉनिटर होतो मी.
दर महिन्याच्या दहा तारखेला
फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात
फी न भरलेल्यांची नावं,
वळणदार, खाली रेघ मारून.
वाव्हळ कायम पहिला.
कुसुम घरत दुसरी,
मग एका महिन्यात ती यादीतही नव्हती आणि बाकावरही.
खोकला होता म्हणे.
शाळेपासून टीबी हॉस्पिटल दहा मिनिटांवर,
आमच्यातलं कुणी गेलं नाही.

शिवडीतला तोच वर्ग, एकोणऐंशीची दहावी ब,
गुडघे बाकाखाली मावेनात.
नाव काय द्यायचं यावर तासभर भांडलो, वडे गार झाले.
डॉक्टर झालेली तरन्नुम परकार म्हणाली,
नाव काहीही द्या रे,
दोन रविवार मी तपासीन, औषधांचं तुम्ही बघा.
वाव्हळ खजिनदार.
गोदीतून रिटायर झालेला,
पहिले पाच हजार त्याचेच,
रबर लावलेल्या नोटा, दोनदा मोजून.

मी लिहिलं :
मुलांची फी, आजाऱ्यांचं औषध.
अर्धी ओळ उरली.

वाव्हळ माझ्या खांद्यावरून वाकला.
"एवढं घाल त्यात," हळूच म्हणाला,
"ज्यांना देऊ, त्यांची नावं
कुठंही लावायची नाहीत."

मावलं.
अक्षर तेवढं गिचमिड आलं.