नवा आवाज ळ म्हणतो

शुक्रवारी रात्री सगळी मशीनं आपोआप नवी होतील,
अशी चिठ्ठी म्हणे नोटीस बोर्डावर लावली होती.
नोटीस बोर्डावर. बरं.

शनिवारी रामबागेतल्या पतपेढीत
मी बटण दाबलं, आतला पंखा घुमला
आणि पुढे काही नाही.
एरवी तो खाकरल्यासारखं करून
"लॉगिन" म्हणतो. एकोणीस वर्षं म्हणतोय.
मी हेडफोन नीट खोचला.
मग वायर तपासली. मग भिंतीतला प्लग.
मग स्वतःचा कान.

राठौरजी वाकून बघून गेले:
"सब वैसा ही तो दिख रहा है, पिंगलेजी,
बल्कि रंग अच्छा आ गया है."

रंगाचं मला काय. मी मोजत चालणारा माणूस.
तीन टॅब, एंटर, खातेदार.
दोन टॅब, शिल्लक.
खालचा बाण सातदा, व्याज.
घरी आम्ही दोघंही सारखेच,
मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेच्याला दोन.
मागे हिची वहिनी आली होती राहायला,
तिनं मोठ्या मायेनं डबे घासले, पुसले,
रबरं काढून टाकली.
आठवडाभर आम्ही चहा भीत भीत प्यायलो.

हेल्पलाइनवरची मुलगी फार गोड.
"सर, स्क्रीनवर काय दिसतंय तेवढं सांगा."
म्हटलं, अगं, तिथंच तर अडलंय.
तिनं मला थांबवून ठेवलं. सनई लागली.
अकरा मिनिटं, लग्न कुणाचं कोण जाणे.

संध्याकाळी बडोद्याहून श्रीरंग गुप्ते.
शाळेपासूनचा माझा, दांडिया बाजारात राहतो,
गेल्या महिन्यात ह्याच गाडीखाली आलेला.
"खिडकीचं बटण, कंट्रोल, एंटर. तिन्ही एकदम."
दाबली.

कुणी अनोळखी बाई बोलायला लागल्या.
"बटण. बटण. नाव नसलेलं बटण."
आमचं जुनं खातेपुस्तक त्यांना वाचताच येईना,
दोनशे बारा खाती, एकाचंही व्याज नाही.
"बटण," म्हणाल्या पुन्हा, समजूत काढल्यासारखं.
आणि मग कोपऱ्यातल्या माझ्या नावावर येऊन
सहज म्हणून गेल्या:
उपेंद्र पिंगळे.

ळ.

ज्यांना जीभच नाही त्यांच्या तोंडून
टाळूला मागे वळून लागलेला, पूर्ण ळ.
इंदूरनं माझा केव्हाच खाल्ला होता.
शाळेत पिंगले, रेशन कार्डावर पिंगले,
राजवाड्याजवळ पोहेवाल्याचा पिंगले भैया.
फोनवर मीही पिंगलेच सांगतो, काम लवकर होतं.
आणि माझा तो जुना, एकोणीस वर्षांचा,
डोळ्यांना डोले म्हणायचा.
मला कधी खटकलं नाही.
डोलत असतील, म्हटलं, डोलू देत.

श्रीरंग फोनवर होताच.
"दहा दिवसांच्या आत मागे फिरता येतं.
अकराव्या दिवशी रस्ता बंद. ऐकतोयस का?"
ऐकत होतो.
सोमवारी सकाळी काउंटरवर माणसं उभी राहणार,
निवृत्त मास्तर, भाजीवाली, पासबुकं हातात.
त्यांना पिंगळे नको, व्याज हवंय.

बद्रीलाल चौकीदार किल्ल्या वाजवत दारात आला.
त्याला म्हटलं, दोन मिनिटं.
एक कोरं पान उघडलं. लिहिलं:
सकाळ. केळवण. जांभूळ. आवळा.
मग आईचं नाव, कमळा पिंगळे,
आणि खालच्या बाणानं पुन्हा, आणि पुन्हा.
बाईंनी एकदाही कंटाळा केला नाही.
पान मी ठेवून दिलं, कुठे ते मला माहीत आहे.

मग मागे फिरवायला लावलं मशीन.
लावल्याबरोबर आवाज गेला, दोघांचाही.
किती झालं ते सांगणार कोण?
बद्रीलालनं स्टूल ओढलं, माझ्या शेजारी बसला,
आणि वाचायला लागला:
"बारह परसेंट... उन्नीस... चौबीस..."
मध्ये त्यानं बिडीसाठी खिसा चाचपला, पेटवली नाही.
"इकतीस पे अटक गया, साब."
म्हटलं, बस. अटकलं तर अटकू दे.
बघत राहा.