गाडी गप्प झाल्यावर

इंजिन विझतं तेव्हा माझं काम सुरू होतं.

ही गाडी दोन मनांची. चाळीसच्या आत बॅटरीवर,
पुढे पेट्रोलवर, आणि ब्रेक मारला
की खर्चलेलं थोडं परत खिशात घालते.
एका मनातून दुसऱ्यात जाताना
हातातला चहा हिंदकळता कामा नये,
असं कागदावर लिहिलेलं होतं.
आता हिंदकळत नाही. चौदा महिने लागले.

पण इंजिनाच्या घरघरीखाली आजवर
किती जण दडून बसले होते!
ती थांबली की एकेक बोलायला लागतो:
मागच्या सीटखालचा पंखा, टायरात अडकलेली गिट्टी,
दाराचं रबर, माझीच बांगडी.
आणि ती एक किर्र.
मागून, डावीकडून, दुपारी दोननंतर,
पारा सेहेचाळीसच्या वर गेला तरच.

टेस्ट ड्रायव्हर सोरते, टांडापेठेचे.
वीस वर्षं पॉवरलूमवर काढली, कान तिथेच ठेवून आले,
डावा पूर्ण, उजवा निम्मा.
गाडीला ते घुबडी म्हणतात:
डोळे मोठे, उडताना आवाज नाही.
"म्याडम, चालून राह्यली का झोपून राह्यली,
काही समजूनच नाही राह्यलं."

बुटीबोरी ते जामठा, जामठा ते बुटीबोरी.
एसी बंद, काचा बंद, डोक्याला ओला दुपट्टा,
सोरत्यांच्या खिशात कांदा.
सहा मायक्रोफोन लावले.
सहांनी सहा जागा सांगितल्या.

निनाद पुण्याहून आलेला, नावाला अजिबात न जागणारा.
त्याला आवाजाचं काही नव्हतं, त्याला छत उतरतं हवं होतं,
उडी घ्यायच्या आधी मांजर पाठ करते तसं.
ना धड जीप, ना धड छोटी मोटार,
चाकांवर काळ्या प्लॅस्टिकची काजळरेघ,
पोटाखाली खड्ड्यांसाठी एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर.
मातीच्या मॉडेलवर रात्र रात्र पातं फिरवत
मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरून त्याने अठरा मिलिमीटर नेले.
मी भांडले. माझा भाऊ सहा फूट आहे.
मग एका पहाटे, ऊन चढून माती मऊ व्हायच्या आत,
आम्ही मॉडेल अंगणात ढकललं,
आणि छतावरून उजेड असा घरंगळत खाली गेला
की मी भांडण तिथेच ठेवलं.

एकवीस मेला सोरत्यांनी स्टिअरिंग मला दिलं
आणि स्वतः मागे जाऊन बसले.
डोळे मिटले. तळहात आधी दारावर, मग अस्तरावर,
मग काचेच्या कडेला, लेकराचा ताप बघावा तसा.
"माग चालू असला का तुटला धागा ऐकू नाही येत, म्याडम.
हाताले लागते."
डोंगरगावच्या गतिरोधकावर ते एकदम ओरडले,
ऐकू न येणारी माणसं ओरडतात तेवढं मोठ्यानं:
"हे पाहा! इथं कोणीतरी दात खाऊन राह्यलं!"

अस्तराखाली एक क्लिप.
छत उतरलं तेव्हा ती चार मिलिमीटर सरकली होती;
उन्हात फुगायची, पत्र्याच्या काठाला घासायची.
निनादने पाहिलं. क्लिपवरून अंगठा फिरवत
बराच वेळ तसाच बसून राहिला.

उपाय नमद्याचा तुकडा, नखाएवढा. सत्तर पैसे.
खर्चखात्याने सत्तर पैशांना वर्षाच्या गाड्यांनी गुणलं,
मग दोन बाजूंनी, मग चष्मा काढला.
उजवीकडे वाजतं का?
नाही.
मग उजवीकडे कशाला?
म्हणून नमदा फक्त डावीकडे.

मे संपताना शेवटची फेरी. व्हरायटी चौकात
सिग्नलला घुबडी गप्प झाली.
शेजारचा ऑटोवाला वाकून बघतो, बंद पडली म्हणून.
सोरते आरशातून माझा चेहरा बघतात,
त्यांना जे ऐकायचं असतं ते तिथे असतं.
मी मान हलवते: गेली.
खरंच गेली.
तिच्याखाली आता एक बारीक टिक, टिक आहे,
उजवीकडून.
ते उद्या सांगेन.